लेहमधलं ‘पित्त’

लेहमधली दुसरी सकाळ. गेस्ट हाउसच्या काचघरात कोवळं ऊन आलं होतं. टेबलावर गरम खंबीर, लोणी आणि जर्दाळूचा मुरांबा मांडलेला होता आणि आम्ही आठ जण त्याकडे नुसते बघत बसलो होतो. खाल्लं तिघांनीच. बाकीच्यांचं डोकं ठणकत होतं, तोंडाला चव नव्हती आणि एकीला पहाटे उलटी झाली होती. निदान लगेच झालं, तेही एकमतानं. ‘काल रात्रीचे मोमो! एवढे खायलाच नको होते. पित्त झालंय.’ मग कुणी पर्समधून पित्ताची गोळी काढली, कुणी कोकमाचं सरबत, कुणी नुसत्या लिंबूपाण्यावर दिवस काढायचं ठरवलं.

आम्ही सगळे पुण्यातल्या एका निदान केंद्रात काम करतो. रक्त, लघवी, थुंकी तपासून लोकांना काय झालंय ते सांगणं हा आमचा धंदा. आठांतले तिघे डॉक्टर, त्यातली एक मी. आणि त्या टेबलावर एकानंही म्हटलं नाही की बाबांनो, हे पित्त नाही.

१५ ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला होता. गुरुवारी रात्री पुण्याहून दिल्ली, शुक्रवारी पहाटे दिल्लीहून लेह, रविवारी सकाळी परत. सोमवारी सगळे कामावर. अडीच दिवसांत लडाख! अशा सहली आता बऱ्याच ऑफिसांतून निघतात आणि त्यांच्या जाहिरातींत बर्फाचे डोंगर, प्रार्थनेच्या पताका आणि वाफाळत्या थुक्पाचा वाडगा हमखास असतो. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की ही सहल मुळातच चुकीची आखलेली असते. जागा चुकीची नाही, खाणंही नाही. दिवस चुकीचे असतात.

आधी उंचीचं बघू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी आपण लेहच्या बाजारपेठेपर्यंत पोचत नाही. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ ६५ टक्के असतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेच, २१ टक्के. पण हवाच विरळ असल्यानं प्रत्येक श्वासात येणारा प्राणवायू दोन तृतीयांशांच्या आसपास भरतो. दिल्लीहून विमान हे अंतर दीड तासाच्या आत पार करतं. शरीराला मात्र त्याच्याशी जुळवून घ्यायला काही दिवस लागतात. श्वास वाढतो, त्यामुळे जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. मूत्रपिंडं हळूहळू बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात, तेव्हा कुठे श्वास हवा तेवढा वाढू शकतो. हे काम मूत्रपिंडं एका रात्रीत उरकत नाहीत.

या मधल्या काळात जो त्रास होतो त्याला उंचीचा आजार म्हणतात. २,५०० मीटरच्या वर तो कुणालाही होऊ शकतो. आणि त्याची लक्षणं काय? डोकेदुखी, मळमळ किंवा भूक नसणं, थकवा, गरगरणं. कॅनडातल्या लेक लुईस या ठिकाणाच्या नावानं जगभर वापरली जाणारी एक गुणपद्धत आहे. २०१८ मध्ये ती सुधारली गेली, तेव्हापासून तिच्यात मोजायची लक्षणं हीच चार. आता ही यादी कुठल्याही मराठी घरात वाचून दाखवा आणि विचारा, याला काय म्हणतात? उत्तर एकच येईल.

आपल्याकडे ‘पित्त’ हा शब्द फार सोयीचा आहे. जागरण झालं, पित्त. उन्हात फिरलो, पित्त. चहा उशिरा मिळाला, पित्त. यात चूक अशी काही नाही. घरी याचे परिणाम किरकोळ असतात. दुपारपर्यंत झोपलं, दही-भात खाल्ला की उतरतं. ३,५०० मीटरवर मात्र हा शब्द आपल्याला चुकीच्या दिशेनं नेतो. पित्त म्हटलं की दोष जेवणावर जातो आणि उपाय पोटावर होतो. उंचीवर जायचं थांबवावं हे सुचतच नाही. संध्याकाळी ठरलेली गाडी सकाळी दारात उभी राहते आणि ‘मोकळ्या हवेत बरं वाटेल’ म्हणत माणूस आणखी वर जातो.

मोमोंवर आळ येण्याचं आणखी एक कारण वेळेचं आहे. उंचीचा आजार पोचल्यापोचल्या होत नाही. साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो. लेहची विमानं बहुतेक सकाळीच उतरतात. दिवसभर माणूस ‘मला तर काहीच होत नाहीये’ म्हणत बाजारात हिंडतो, संध्याकाळी मित्रांबरोबर दाबून जेवतो आणि रात्री डोकं दुखायला लागतं. शेवटची आठवण जेवणाची असते, म्हणून गुन्हेगार जेवण. आमच्या बाबतीत तर हा निकाल उघडच खोटा होता. उलटी झालेली मुलगी जैन आहे. तिनं मोमोंना हातही लावला नव्हता, ती साधा डाळभात जेवली होती. जुलाब कुणालाच नव्हते, पोटात कळा नव्हत्या, ताप नव्हता. अन्नातून बाधा झाली तर पोट पुढे असतं आणि डोकं मागे. इथे उलटं होतं. सगळ्यांचं आधी डोकं धरलं होतं. प्रयोगशाळेत एवढ्या विसंगतीवर मी अहवाल अडवून ठेवला असता.

आता थोडं त्या खाण्याविषयी, कारण मोमोंची बाजू कुणीतरी मांडायलाच हवी. हवेचा दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं. लेहमध्ये ते साधारण ८८ अंशांना उकळतं आणि कितीही जाळ लावला तरी त्याहून तापत नाही. रोगजंतू मरायला हे तापमान पुरेसं आहे. दूध पाश्चराइझ करतात ते ७२ अंशांना, तेही काही सेकंद. पिण्याचं पाणी २,००० मीटरच्या वर एक मिनिटाऐवजी तीन मिनिटं उकळू द्यावं, एवढंच. म्हणजे समोर वाफवलेला, हातात धरवत नाही इतका गरम मोमो हा त्या टेबलावरचा सर्वांत निर्धोक पदार्थ होता. शंका घ्यायचीच तर बाजूच्या कच्च्या चटणीवर आणि कापून ठेवलेल्या काकडीवर घ्यावी.

८८ अंशांना जंतू मरतात, पण हरभरे, राजमा, अख्खी डाळ शिजता शिजत नाही. कुकर येण्याआधी हे धान्य त्या उंचीवर शिजवायचं म्हणजे जळणाचा नाश, आणि जळण तिथे मुळातच दुर्मीळ. लडाखी स्वयंपाक बघितला की या अडचणीची उत्तरं त्यात जागोजागी दिसतात. मुख्य धान्य जव. ते भाजतात. भाजण्यात पाणी नाही, त्यामुळे उकळबिंदूची मर्यादाही नाही. तापलेल्या भांड्यात दाणा शंभर अंशांच्या खूप वर जातो आणि तिथेच शिजतो. मग त्याचं पीठ. हे पीठ लोणी-मिठाच्या चहात कालवलं की जेवण तयार, पुन्हा चूल नको. आपल्या सातूच्या पिठाचीच ही कल्पना. सातू हे खरं तर जवाचंच नाव; आपण त्यात गहू आणि डाळवं घालून नाव तेवढं जवाचं ठेवलं. स्क्यू नावाचा पदार्थ आहे, त्यात कणकेच्या गोळ्या अंगठ्यानं दाबून पातळ वाट्यांसारख्या करतात आणि भाज्यांच्या रश्श्यात सोडतात. आपल्या वरणफळांचा हा डोंगरातला भाऊ. पातळ असल्यामुळे ८८ अंशांतही लवकर शिजतो. खंबीर ही आंबवलेली जाड रोटी, दोन-तीन दिवस टिकणारी. (मराठीत हा शब्द माणसाच्या मनाला लावतात. पहिल्या दिवशी त्या रोटीला हात लावल्यावर मला दोन्ही अर्थ पटले.)

उंचीवर भूक मरते, अशा वेळी काय खावं? थोडं थोडं, गरम, पातळ आणि मुख्यतः पिष्टमय. स्निग्ध पदार्थ जाळायला जेवढा प्राणवायू लागतो, तेवढ्याच प्राणवायूत कर्बोदकांतून सात-आठ टक्के जास्त ऊर्जा मिळते. प्राणवायूची टंचाई असलेल्या जागी हा हिशोब अगदीच क्षुल्लक नाही. थुक्पा किंवा स्क्यूचा एक वाडगा पहिल्या संध्याकाळी याहून चांगला काय असणार? आम्ही मात्र पुण्याहून बाकरवडी, चिवडा, तळलेले काजू आणि दोन बाटल्या नेल्या होत्या. पहिल्या रात्रीची बैठक त्यावर झाली. दारूमुळे झोपेतला श्वास आणखी मंदावतो आणि सकाळची डोकेदुखी नेमकी कशाची हे ओळखायची सोय राहत नाही. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच.

इथे एक सांगायलाच हवं. स्थानिक अन्न त्या हवेला साजेसं आहे म्हणून ते उंचीच्या आजारावरचं औषध होत नाही. लोणी-मिठाचा चहा पिऊन प्राणवायू वाढत नाही, आणि रक्तदाबाच्या माणसानं तो चवीपुरताच घ्यावा, कारण मीठ त्यात खरोखर मीठ असतं. हीच गोष्ट कापराची. महाराष्ट्रातून लडाखला जाणाऱ्या प्रत्येक गटात कापराची पुरचुंडी असते, ती नाकाशी धरून लोक दीर्घ श्वास घेतात. गार, मोकळं वाटतं. रक्तातला प्राणवायू होता तेवढाच राहतो. हातात मावणाऱ्या प्राणवायूच्या डब्यांनी काही मिनिटं बरं वाटतं, मग डबा संपतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर उपयोगी आहे, पण आमच्याकडे त्याची स्पर्धा झाली. ‘माझा ९१, तुझा किती?’ पुण्यात ८८ आकडा दिसला तर मी रुग्णाला दवाखान्यात पाठवीन; लेहमध्ये पहिल्या दिवशी ८८ किंवा ९० ही नेहमीची गोष्ट आहे. ९१ वाला बिनत्रासाचा आणि ८६ वाला आजारी असं सरळ गणित नसतं. डोकं दुखतंय का, हा प्रश्न यंत्राहून जास्त सांगतो.

तो प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला नाही. ऑफिसच्या सहलीचा खरा धोका इथे आहे. घरच्यांबरोबर असतो तेव्हा माणूस बिनदिक्कत सांगतो, मला बरं नाही, मी झोपतो. सहकाऱ्यांसमोर तसं सांगायला जीभ जड होते. वर्गणी भरलेली, गाडी ठरलेली, साहेब सोबत. आपल्या एकट्यामुळे सगळ्यांचा दिवस वाया नको, शिवाय सोमवारी चहाच्या वेळी टिंगल होणार ती वेगळीच. ज्या मुलीला उलटी झाली, तिनं ती मला दुपारी सांगितली. मीही रात्रभर डोकं धरून बसले होते आणि सकाळी हसतमुखानं खाली आले, कारण सहल मीच आखली होती.

आमचा हिशोबनीस सहकारी चौतीस वर्षांचा, अर्धमॅरेथॉन पळणारा. त्यानं सकाळी गुपचूप दोन वेदनाशामक गोळ्या घेतल्या आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसला. शारीरिक तंदुरुस्ती उंचीच्या आजारापासून वाचवत नाही; उलट धडधाकट माणूस भराभर चढतो आणि कुरकुर करत नाही, म्हणून जास्त अडचणीत येतो. आम्ही निघालो होतो खारदुंग ला या खिंडीकडे. उंची सुमारे ५,३५९ मीटर. लेहहून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्यापेक्षाही जवळ, आणि तेवढ्यात १,८०० मीटरहून अधिक चढ. उतरून चोवीस तास जेमतेम झाले होते. विमान उतरताना पहिले ४८ तास विश्रांती घ्या असं सांगितलं गेलं होतं, ते आम्ही सामान काढता काढता ऐकलं होतं.

वर पाटीजवळ फोटो काढायला तो उतरला आणि दोन पावलांत तोल जाऊन गाडीच्या बॉनेटला धरून उभा राहिला. आम्ही हसलो. गाडीचा लडाखी चालक हसला नाही. त्यानं त्याला सरळ रेषेत चार पावलं चालायला लावलं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत. जमलं नाही. मी म्हणाले, सकाळपासून काही खाल्लं नाहीये त्यानं, पित्त आहे. चालक म्हणाला, ‘मॅडम, यह खाने का नहीं है, हवा का है,’ आणि आम्हाला गाडीत कोंबून त्यानं गाडी खाली वळवली.

टाच-बोटांची ती चाल ही वैद्यकीय चाचणी आहे. उंचीवर डोकेदुखीबरोबर तोल जाऊ लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मेंदूला सूज येत असण्याची शक्यता असते. बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला हे फुप्फुसात पाणी साचत असल्याचं लक्षण. या दोन्हींत काही तासांत जीव जाऊ शकतो आणि पहिला उपचार म्हणजे खाली उतरणं, सोबत प्राणवायू. मी हे शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं. लेहच्या रुग्णालयात पोचेपर्यंत त्याची चाल बरीच सुधारली होती. तिथे प्राणवायू लावला, औषधं दिली, रात्रभर ठेवून घेतलं. रविवारी तो आमच्याबरोबर परत आला.

लेहहून खाली उतरणं वाटतं तेवढं सोपं नाही, हेही आखणी करताना कुणाच्या डोक्यात नसतं. सिंधूच्या काठानं खल्सेकडे थोडं उतरता येतं, पण पुढे श्रीनगरच्या वाटेवर ४,१०८ मीटरचा फोटू ला आहे. मनालीच्या वाटेवर तर पाच हजार मीटरच्या वरचा तांगलांग ला. खाली जायचं तर आधी वर. उरतं ते दुसऱ्या सकाळचं विमान, हवामान बरं असलं तर.

हे ज्ञान नवं नाही, आणि मोठ्या प्रमाणात आपल्याच देशात मिळवलेलं आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात सखल भागातले जवान घाईनं हिमालयात पोचवावे लागले. त्यानंतर लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांमधल्या उंचीच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. आज लष्करात ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यावर जवानाला सहा दिवस देतात. पहिले दोन विश्रांतीचे, मग हळूहळू चालणं, मग चढ. त्यापुढच्या टप्प्यांना आणखी दिवस. जो माणूस रोज पहाटे पाच किलोमीटर धावतो त्याला सहा दिवस, आणि जो दिवसभर खुर्चीवर बसतो त्याला शुक्रवार ते रविवार!

म्हणून माझं सरळ मत आहे, की शनिवार-रविवारच्या सहलीसाठी ऑफिसांनी २,५०० मीटरच्या वरचं शहर निवडूच नये. शिमला सुमारे २,२०० मीटरवर आहे, दार्जिलिंग २,०५० च्या आसपास, गंगटोक साधारण १,६५०. मोमो आणि थुक्पा शेवटच्या दोन गावांत गल्लीगल्लीत मिळतात, शिवाय गुंद्रुकचं आंबट सूपही. (गंगटोकला गेलात तर एका दिवसात ४,३०० मीटरच्या नाथू ला खिंडीत जाऊन यायचा मोह होतो, त्याचाही आधी विचार करा.) लेहला जायचंच तर आठवडा काढा. श्रीनगरहून कारगिलमार्गे रस्त्यानं जा, वाटेत मुक्काम करा. विमानानं गेलात तर पहिले दोन दिवस शहरातच, त्याच दोन दिवसांत खायचं ते खा. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराचं जुळवून घेणं लवकर घडवून आणतं, पण ते आधी सुरू करावं लागतं, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि ते घेतलं म्हणून दुसऱ्या दिवशी खिंडीत जायचा परवाना मिळत नाही.

आमच्या सहलीचा जो फॉर्म मी भरून घेतला होता, त्यात व्हेज, नॉनव्हेज आणि जैन असे तीन रकाने होते. रक्तदाब, दमा, गरोदरपण, चालू औषधं यांचा एकही नव्हता. सिकलसेलचा तर नव्हताच. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा दोष अनेक कुटुंबांत आहे. स्वतः निरोगी असलेल्या वाहकालाही एवढ्या उंचीवर प्लीहेचा गंभीर त्रास होऊ शकतो. आमच्याच केंद्रात ती तपासणी रोज होते. अर्थात असा रकाना केला तरी तो साहेबांच्या हाती जाणार असेल तर लोक खरं लिहिणार नाहीत. ही माहिती प्रत्येकानं आपल्या डॉक्टरलाच द्यावी आणि ‘मी येत नाही’ एवढंच ऑफिसला कळवता यावं, कारण न विचारता.

पुढच्या वर्षीसाठी ग्रुपवर स्पितीचं नाव आलंय. काझा ३,६०० मीटरच्या वर आहे. मी फक्त विचारलं, रजा किती दिवसांची? अजून उत्तर आलेलं नाही. आमचा हिशोबनीस येईन म्हणतो, पण मोमो खाणार नाही म्हणतो.